पनीर कुणासाठी?

आष्टीत एका घरी पोरगी बी.एस्सी. झाली. खानदानातली पहिली ग्रॅज्युएट. आई-बाप ऊसतोडीचे. दिवाळी झाली की चूल, भांडी, कोंबड्या, लेकरं ट्रकात भरायची आणि कारखान्याची वाट धरायची. उन्हाळा लागला की माघारी. पोरगी लहानपणी फडात पाचटावर निजली, पुढं आजीपाशी राहून शिकली, शेवटची तीन वर्षं औरंगाबादला (आता कागदावर छत्रपती संभाजीनगर) हॉस्टेलवर काढली. निकाल लागला. बापानं पेढे वाटले. आणि त्याच रात्री घरात भांडण पेटलं. नोकरीवरून नाही, लग्नावरून नाही. पार्टीला जेवायला काय करायचं यावरून.

त्या भांडणाला आम्ही हजर होतो. हसू नका दोस्तांनो. आपल्या परिषदांच्या ठरावांत जेवढं राजकारण नसतं, तेवढं त्या रात्री त्या ओसरीवर झालं.

मुंबईहून आलेला चुलता म्हणाला, "पनीर. मटार-पनीर, जीरा राईस, पुरी, गुलाबजाम. कॅटरिंगला सांगून टाकू. प्लेट दोनशे रुपये. चार लोकांत नाव होईल." पोरीचा भाऊ आणि त्याचे दोस्त म्हणाले, चिकन बिर्याणी. विहारातले एक जुने कार्यकर्ते म्हणाले, वर्षावास लागलाय, साधं वरण-भात आणि खीर करा, धम्माला शोभंल असं. आई बोलली नाही. लाकडं किती लागतील याचा हिशोब तिच्या डोक्यात चालू असावा. आजी म्हणाली, "माझा बोकड कापा. येसूर घाला. आन् भाकरी. लेकरू तीन वर्सं मेसचं पाणी पिऊन आलंय."

पोरीला कुणी विचारलंच नव्हतं. शेवटी तीच म्हणाली, "पार्टी माझी आहे ना? मग मला सुकट पाहिजे." सगळे हसले. ती हसली नाही. पहिल्या वर्षी आजीनं सुकटीची चटणी बांधून दिली होती. ती तिनं डब्यात डबा घालून पेटीच्या तळाशी, कपड्यांखाली ठेवली. वास लपतो होय? खोलीतल्या मुली काही बोलल्या नाहीत, नुसती खिडकी उघडली. त्या रात्री तिनं सगळी चटणी मागच्या नालीत ओतली. नंतर तीन वर्षं आजी विचारायची, चटणी पाठवू का, आणि ही म्हणायची, नको, इथं सगळं मिळतं.

चुलत्यानं हे ऐकून घेतलं. माणूस वाईट नाही. चेंबूरच्या खोलीत राहून त्यानं या पोरीच्या फिया भरल्यात. पण तो आपलंच धरून बसला : "अरे, पनीर केलं तर सगळं गाव येईल."

या एका वाक्यासाठी हे संपादकीय लिहायला घेतलं.

सगळं गाव म्हणजे कुठलं गाव? आष्टी तालुक्यातलं गाव काय पनीर खाऊन मोठं झालं? हा बालाघाटाच्या अंगाखांद्यावरचा कोरडवाहू मुलूख. ज्वारी, बाजरी, हुलगा, तूर. 1972 च्या दुष्काळात अमेरिकेची लाल मिलो आणि सुकडी खाऊन इथल्या माणसांनी खडी फोडली. पनीर इथं कधी आलं, ते लग्नाच्या हॉलांबरोबर आलं. आणि मटणाचं म्हणाल तर आषाढ लागला की घरोघर आखाड. दर्ग्याला बोललेली कंदुरी असली की मराठा, वंजारी, धनगर, माळी, मुसलमान सगळे एका पंगतीला रस्सा ओरपतात आणि वाढप्याला हाळी देतात, नळी टाक रे इकडं. 2014 च्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीत महाराष्ट्रातले पंधरा वर्षांवरचे शंभरातले जवळपास 60 जण मांसाहारी निघाले. म्हणजे गाव खातं. चवीनं खातं. फक्त आमच्या दारात आलं की गावाला एकदम गळ्यातली माळ आठवते. आज सोमवार हाय. आज चतुर्थी हाय. डॉक्टरनं बंद केलंय. आत्ताच जेवून निघालो. आणि आमच्या चुलीवर वरण-भात शिजवला तरी हेच. सीलबंद पाण्याची बाटली तेवढी फोडायची, पान तोंडात टाकायचं, पोरीच्या हातात पाकीट ठेवायचं आणि गाडीला किक मारायची.

घोळ मटणाचा नाही. घोळ पातेल्याचा आहे.

चुलत्याला हे पक्कं ठाऊक आहे, म्हणून तर त्याच्या पनीरला कॅटरिंग चिकटलेलं आहे. आचारी बाहेरचा, तोही बघून-सवरून 'त्यांच्यातला'. वाढपी बाहेरचे. हॉल बाहेरचा. आपली चूल, आपलं पाणी, आपल्या बाईचा हात, यातलं काहीही त्या अन्नाला लागलेलं नसतं. मग गाव जेवतं. आणि आपण छाती काढून सांगतो, बघा, जात गेली! पैसा आपला, लेक आपली, पदवी आपली. लपवायचं ते फक्त आपलं स्वयंपाकघर. जुन्या काळी आपल्यात लग्न असलं तर वरच्या जातीच्या माणसाला कोरडा शिधा द्यायचा. तो आपल्या हातानं शिजवून खायचा, नाहीतर घरी न्यायचा. आजीनं असा शिधा डोक्यावरून पोचता केलेला आहे. आजचं कॅटरिंग म्हणजे तोच शिधा, फक्त शिजवून, थर्माकोलच्या ताटात.

पार्टीच्या जेवणावर एवढं काय लिहायचं असं ज्याला वाटतं, त्यानं लाहोरच्या जात-पात तोडक मंडळानं होऊ न दिलेलं बाबासाहेबांचं 1936 चं भाषण पुन्हा उघडावं. जयपूर संस्थानातल्या चकवारा गावची हकीकत त्यात आहे. तीर्थयात्रा करून आलेल्या एका अस्पृश्यानं आपल्या जातभाईंना जेवण दिलं. चांगलंचुंगलं केलं. तूप वाढलं. पंगत बसली असताना शेकडो सवर्ण हिंदू लाठ्या घेऊन धावून आले, अन्न नासवलं, जेवणाऱ्यांना बडवलं. माणसं भरल्या ताटावरून उठून जीव घेऊन पळाली. तूप त्याच्या पैशाचं. खाणारे त्याचेच. गावातल्या एकाही सवर्णाला त्यानं पंगतीला ये म्हटलं नव्हतं. पण तूप हे वरच्या ताटातलं, ते खालच्या ताटात कसं आलं, एवढाच गुन्हा.

त्याच्या आधी महाड. 20 मार्च 1927. चवदार तळ्याचं पाणी पिऊन माणसं परतली, काही मांडवात गावाकडं निघण्यापूर्वी चार घास खात होती. अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार अशी कंडी पिकवून गुंड मांडवात शिरले आणि पहिल्यांदा अन्न मातीत कालवलं. आणि फार मागचं कशाला? 2019 साली उत्तराखंडात टिहरीकडं एका लग्नात दलित तरुण सवर्णांसमोर खुर्चीवर बसून जेवला, म्हणून त्याला मारलं. तो वाचला नाही.

बघा बरं. तूप खाल्लं तर मार, कारण ते वरचं. मटण खाल्लं तर नाक मुरडायचं, कारण ते खालचं. खुर्चीवर खाल्लं तर जीव घ्यायचा. मग पनीरनं आपण सुटू असं चुलत्याला कुणी सांगितलं?

आता विहारातले कार्यकर्ते. त्यांचा मान राखून बोलतो, कारण नामांतराच्या लढ्यात या माणसानं तुरुंग पाहिलाय. 27 जुलै 1978 ला विधिमंडळानं ठराव केला आणि 14 जानेवारी 1994 ला विद्यापीठाला नाव लागलं. मधल्या साडेपंधरा वर्षांत मराठवाड्यात आपल्या वस्त्या जळाल्या. त्या नावाची पदवी आज या पोरीच्या हातात आहे. तेव्हा या माणसाला खीर पाहिजे असेल तर खीर होईल, त्यात वाद नाही. वाद 'धम्माला शोभंल' या शब्दांशी आहे. बाबासाहेबांनी महाडला सांगितलं ते मेलेल्या ढोराचं मांस सोडा, गावाचं उष्टं मागायला जाऊ नका, हे. गावानं टाकलेलं आणि हक्क म्हणून गळ्यात बांधलेलं खाऊ नका, हे. आपल्या कमाईचं, आपल्या दावणीचं खाऊ नका असं त्यांनी कुठं सांगितलं? 1956 च्या बावीस प्रतिज्ञांत दारूची प्रतिज्ञा आहे, मटणाची नाही. खुद्द तथागतांकडं देवदत्तानं मागणी केली होती की भिक्खूंना मांस-मासळी बंद करा. बुद्धांनी तशी सक्ती करायला नकार दिला. आणि शेवटचं जेवण त्यांनी घेतलं ते चुंद लोहाराच्या घरी. त्या ताटात डुकराचं मांस होतं की कसला कंद होता यावर पंडित अजून भांडतात. ते चुंदाच्या घरचं होतं यावर भांडण नाही. दुखणं वाढलं तेव्हा बुद्धांनी निरोप ठेवला, चुंदाला कुणी बोल लावू नका, त्याच्या हातच्या जेवणाचं पुण्य मोठं आहे. कार्यकर्त्यांना आम्ही हे बोललो. ते म्हणाले, पोरांनो, वाचलंय मी, पण वर्षावासात माझी मी खीरच खाणार. खा की बाबा!

आपल्यातला शाकाहार सगळा धम्मातून आलेला नाही, हेही एकदा बोललं पाहिजे. बराचसा सरकारी क्वार्टरच्या जिन्यातून आलाय. शेजारी विचारतात, तुमच्याकडं आज काय केलंय? आणि आपण गॅस बारीक करून खोटं बोलतो.

बाबासाहेबांनी 1948 च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात अस्पृश्यतेचं मूळ शोधताना थेट ताटात हात घातला. गोमांस कुणी सोडलं, कुणी सोडलं नाही, आणि ज्यांनी सोडलं नाही त्यांना गावाबाहेर कसं ठेवलं, अशी ती मांडणी आहे. तिच्यावर वाद घाला, पण मग तुमच्या ताटात काय आहे हा 'खासगी प्रश्न' आहे असं पुन्हा म्हणू नका. मराठवाड्यातल्या महार-मांगांच्या घरात काय शिजायचं याचं पुस्तक शाहू पाटोळे यांनी 2015 साली लिहिलं, 'अन्न हे अपूर्णब्रह्म'. नावातच सगळं आलं. चान्या, रक्ती, वजडी, येसूर, माडगं, कुठल्या पाकपुस्तकात हे शब्द सापडतील? ओगले आजींच्या 'रुचिरा'त शोधून बघा.

चान्यांचा विषय निघाला म्हणून सांगतो. पोरीच्या भावाच्या एका जहाल दोस्तानं त्या रात्री मांडलं की पार्टीला चान्याच करा, होऊ दे काय व्हायचं ते. टाळ्या पडल्या. आम्ही विरोध केला. गाईच्या कत्तलीला 1976 च्या कायद्यानं बंदी होती. 2015 साली बैल आणि वळूही त्यात आणले, पाच वर्षांपर्यंत कैद आणि दहा हजारांपर्यंत दंड. 2016 साली मुंबई उच्च न्यायालयानं राज्याबाहेरून आणलेलं मांस जवळ बाळगणं गुन्हा ठरवणारं कलम रद्द केलं, बंदी मात्र कायम ठेवली. या कायद्याशी आमचं भांडण आहे आणि ते आम्ही रस्त्यावर, कोर्टात करू. दुष्काळात थकलेला बैल विकता येत नाही म्हणून रडणारा कुणबीसुद्धा त्या भांडणात आपल्याबरोबर पाहिजे. पण एका ऊसतोड्याच्या अंगणात, त्याच्या लेकीच्या दिवशी, पोलीस आणि गोरक्षक पाव्हणे म्हणून बोलवायचे, आणि आपण शहरात निघून यायचं? ही मर्दुमकी दुसऱ्याच्या जिवावरची आहे. त्या घराला इथंच राहायचंय.

आणि शहरातल्या दोस्तांनो, गावाला हसत हे वाचत असाल तर जरा थांबा. आय.आय.टी. मुंबईत 2023 साली काय झालं? वसतिगृहाच्या मेसमध्ये शाकाहाऱ्यांसाठी वेगळी टेबलं. त्याविरुद्ध तिथं बसून खाल्लं म्हणून विद्यार्थ्याला दहा हजारांचा दंड. देशातली अक्कल जिथं गोळा होते म्हणतात तिथली ही गोष्ट. शिधा डोक्यावरून नेण्याची वेळ तेवढी आली नाही. आणि तुमच्या स्वतःच्या पार्ट्या? पोरगा वकील झाला, पोरगी सी.ए. झाली, की हॉटेलच्या पाटीवर 'प्युअर व्हेज' बघून टेबल बुक करता. ऑफिसातले लोक येणार म्हणून. आईला सांगता, तू काही करून आणू नको. आई भरजरी नेसून त्या हॉटेलात कोपऱ्यात बसते आणि फोटोपुरती मध्ये येते.

जाता जाता आणखी एक. ऊसतोडीच्या लेकरांना शाळेत आठवड्याला एक अंडं मिळावं असा निर्णय सरकारनं 2023 च्या नोव्हेंबरात केला. 2025 च्या जानेवारीत त्याचा पैसा बंद केला. शाळांनी लोकवर्गणीतून बघावं म्हणे. लेकराच्या ताटातलं अंडं कुणाला खुपतं ते ओळखा. पार्टीत पनीर मागणारा आणि शाळेतलं अंडं काढणारा एकच, असं आम्ही म्हणत नाही. पण पहिला गप्प बसतो म्हणून दुसऱ्याचं फावतं.

आता पैशाकडं या. दोनशे प्लेटा, दोनशे रुपये, झाले चाळीस हजार. हॉल, मांडव, स्पीकर वेगळा. बाप म्हणाला, मुकादमाकडून उचल वाढवून घेतो. ऐकलं का? येत्या हंगामाचा कोयता आत्ताच गहाण. म्हणजे पोरगी बी.एस्सी. झाली म्हणून आई-बापानं आणखी काही महिने फुकट ऊस तोडायचा, आणि कशासाठी? तर मुकादमानं येऊन पनीर खावं यासाठी. त्या रात्री आम्ही एकदाच आवाज चढवला तो इथं. उचल घेऊन पार्टी नाही. माणसं कमी बोलवा. ऐंशी बोलवा. बोकड आजीच्या दावणीचा आहे. बारा किलो पडलं तर माणशी दीडशे ग्रॅम. मटण आज किलोला 700 रुपयांच्या पुढं आहे, म्हणजे आजीनं त्या दिवशी आठ हजारांच्या वरचं मटण गावाला घातलं, हेही लिहून ठेवा. पाकिटं घेऊन येणाऱ्यांना सांगा, पुस्तक आणा.

पुस्तकाचं सुचलं ते केळुसकर गुरुजींमुळं. लहान भीमराव परीक्षा पास झाला तेव्हा वस्तीतल्या लोकांना त्याचा सत्कार करायचा होता. चरित्रकार मॅट्रिकची परीक्षा म्हणतात, 1907 साल देतात. बाबासाहेब स्वतः इंग्रजी चौथीची म्हणून सांगतात. सुभेदार रामजींनी साफ नकार दिला. पोराच्या डोक्यात हवा जाईल म्हणाले. मग लोक कृष्णराव अर्जुन केळुसकरांकडं गेले, त्यांनी सुभेदारांचं मन वळवलं, आणि सभेत आपण लिहिलेलं बुद्धचरित्र पोराच्या हातात ठेवलं. पुढं त्या पुस्तकाचं काय झालं ते नागपूरला 1956 साली जगानं पाहिलं. आष्टीच्या या बापालाही सुभेदारांसारखं वाटत होतं का, माहीत नाही. पण पेढे वाटताना त्याचा हात थरथरत होता.

शेवटी ठरलं ते असं. दारात मांडव. आजीचा बोकड, येसूर घातलेला रस्सा, बाजरीची भाकरी, भात. ज्यांना मटण नको त्यांना भरली वांगी आणि खीर, त्याच चुलाणावर, त्याच बायांच्या हातची. आणि एका परातीत सुकटीची चटणी. चुलता एक दिवस रुसला, दुसऱ्या दिवशी स्वतःच कांदे चिरायला बसला.

आले कोण? सगळी वस्ती आली. पोरीचे शाळेतले दोन गुरुजी आले, मराठा. मांडी घालून बसले आणि थोरल्यानं दुसऱ्यांदा नळी मागून घेतली. हॉस्टेलातल्या दोघी आल्या. एकीनं वांगं-भाकरीच खाल्ली, तिला तेच चालतं. तिला कुणी का म्हणून विचारलं नाही. मुकादम आला, बाटली फोडली, 501 चं पाकीट दिलं, गेला. सरपंचाचा निरोप आला, कामात आहे. आणि रात्री पंगती उठल्यावर, दिवे काढायला घेतले तेव्हा, गावातले चौघं मागच्या बाजूनं आले. अंधारात उभे. म्हणाले, वास आला म्हणून आलो, इथंच मागं वाढा, कशाला बोभाटा.

आमच्यातले दोघं तडकले. पुढच्या दारानं या नाहीतर चालू लागा, म्हणाले. आजीनं त्यांना हातानं बाजूला सारलं. नातवाला म्हणाली, मांडवातला मोठा बल्ब काढून आण, हितं लाव. वायर ओढून बल्ब लावेपर्यंत तिनं कुणाला घास वाढला नाही. मग उजेडात चौघांना बसवलं आणि पोटभर घातलं. एकानं मान वर केली नाही. तिघांनी रस्सा पुन्हा मागितला.

त्याच गल्लीत आणखी एक पोरगं बी.कॉम. झालंय. त्याच्या बापानं कॅटरिंगवाल्याला दर विचारून ठेवलाय आणि मुकादमाच्या घरी एक चक्करही झालीय. येत्या रविवारी नगरहून एसटीनं आम्ही तिघं जाणार आहोत. ओसरीवर बसायला आणखी चार जण लागतील. येताना पुस्तक आणा.